आधी पंप शोध

अगं, आगीच्या बंबाचे तुझे फोटो दोनदा बघितले. सगळं शार्प आहे पण बंब खेळण्यातला वाटतो, वाइड लेन्स घेऊ का, असं विचारलंयस. नको घेऊस. आधी मला सांग, त्या गाडीचा पंप कुठे आहे?

माहीत नसणार, कारण एकाही फोटोत तो नाहीये. दिवे, घंटा, बॉनेट, परत घंटा. अगं बंब म्हणजे पाणी ओढून जोरात फेकणारं मशीन, बाकी सगळं त्याच्याभोवती बांधलेलं. जुने अमेरिकन आहरेन्स-फॉक्स बंब बघ कधी, पिस्टन पंप थेट नाकावर, पुढच्या चाकांच्याही पुढे, आणि वर एक चकचकीत गोळा. लोकांना तो शोभेचा वाटतो. तो एअर चेंबर आहे, पिस्टनमुळे पाणी हिसके देत येतं ते हिसके आतली हवा झेलते आणि धार एकसारखी जाते. हे माहीत असलं की तू आपोआप वेगळ्या जागी उभी राहशील. बऱ्याच गाड्यांत पंप मध्ये किंवा मागे असतो, मग गेज, व्हॉल्व्हचे दांडे, होज जोडायची तोंडं सगळी तिकडेच, आणि हात लागून लागून रंग उडालेला असतो तोही तिथेच. तू तिकडे फिरकलीसुद्धा नाहीस!

तो लाल रंग प्लास्टिकसारखा दिसतोय ना, त्याचं कारण साधं आहे. साधा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, ठीक दिसतो पण लाल चॅनेल एकटा फुटलेला असतो, म्हणजे लाल रंग टोकाला जाऊन त्यातले बारकावे गेलेले, मग पोचे, ब्रशचे फराटे सगळं सपाट. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लाव, एक्स्पोजर अर्धा-एक स्टॉप खाली घे, म्हणजे उजेड जरा कमी घे, आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढ. पोलरायझर फिल्टर रंगावरची आणि काचेवरची चमक कापतो, उघड्या क्रोम-पितळेवर त्याचं काही चालत नाही, तिथे तूच सरक, आणि गडद कपडे घालून जा, घंटेत तुझा पिवळा टी-शर्ट दिसतोय. वाइडने जवळून काढलंस तर पुढचं चाक फुगणार, त्यापेक्षा मागे जा आणि ७०-८५ मिमीची लेन्स लाव. मागे भिंत आली तर आख्खी गाडी सोड. पंप घे.

ब्लॅक अँड व्हाइटचं विचारलंस, तर कर, पण लाल किती उजळ ठेवायचा ते तू ठरव, सॉफ्टवेअर नाही. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसायचाच नाही, म्हणून त्या काळच्या फोटोंत लालभडक बंब काळेकुट्ट दिसतात.

माझे असले पंपाचे फोटो एका स्पर्धेत परत आले होते, "मशीनचे कॅटलॉग" म्हणून. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ज्या जवानाने तो पंप चालवला होता त्याने तोच फोटो हातात धरून कुठला दांडा आधी ओढायचा ते मला दाखवलं, परीक्षकाला जमलं असतं का ते? हट्टी म्हणतात मला, म्हणू देत. हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, त्या गाडीला नंतर नवा रंग मारला, दांड्यांवरची जुनी अक्षरं गेली, आता ती फक्त माझ्या फोटोत आहेत आणि दोन तर नीट वाचताही येत नाहीत.

तेव्हा परत जा. स्टेशन ऑफिसरला विचारूनच जा, ट्रायपॉड गाड्या निघायच्या वाटेत ठेवू नकोस, कॉल आला तर आधी भिंतीला चिकट, फोटोबिटो नंतर. कॅमेरा बॅगेतच राहू दे, आधी एखाद्या जुन्या ड्रायव्हरला विचार की पाणी कुठून आत येतं आणि कुठून बाहेर जातं. खुलतात ही माणसं असं विचारलं की. मग त्याच वाटेने फोटो काढ, सक्शन पाइपपासून नोझलपर्यंत. गाडी दाराच्या जरा आत, सावलीत असेल तर उत्तमच, दारातून मऊ उजेड येतो, आतल्या ट्यूब तेवढ्या विचारून बंद कर नाहीतर दोन रंगांचा उजेड मिसळतो.

आणि या वेळी ढीगभर पाठवू नकोस. आठ पाठव, प्रत्येकाखाली तो पार्ट काय करतो ते एका ओळीत लिही. घंटेचा एकही नको.