पालखी दारात आणि हा माळ्यावर

"मावशी, माझा मुलगा नववीची परीक्षा देऊन मोकळा झालाय. मिस्टर जहाजावर असतात, घरी मी आणि सासूबाई. जेवण झालं की हा मोबाइल घेऊन माळ्यावर जातो आणि रात्री एक-एक वाजेपर्यंत बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळतो. ओरडले तर म्हणतो, 'गेमने डोकं तल्लख होतं, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. आणि मी एकटा कुठे खेळतो? चौघं असतो आम्ही.' बाकीचे तिघं म्हणजे नालासोपाऱ्याचे दोन चुलतभाऊ आणि गेल्या वर्षी पनवेलला गेलेला त्याचा वर्गमित्र. यंदा शिमग्याला पालखी दारात आली तरी हा खाली उतरला नाही. सासूबाईंनी नारळ हातात धरून तीनदा हाका मारल्या. मिस्टर फोनवरून सांगतात, मोबाइल काढून घे. गेमचा खरंच काही फायदा असतो, की हा मला शेंड्या लावतोय? लेकीला सांगाल तसं सांगा." – एक आई, गुहागर तालुका

बाय, अर्ध्याच शेंड्या लावतोय. गंमत अशी की जिथे तो छाती फुगवून बोलतोय तिथे त्याची बाजू लंगडी आहे, आणि जिथे खरी आहे तिथे त्याला ती धड मांडता आलेली नाही.

आधी डोक्याचं बघू. शास्त्रज्ञांचं तो म्हणतो ते अगदीच खोटं नाही. 2003 साली अमेरिकेतल्या ग्रीन आणि बाव्हेलिए या दोघांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला. धावपळीचे, गोळीबाराचे गेम खेळणाऱ्यांना पडद्याच्या कडेला चाललेलं चटकन दिसतं, एका वेळी जास्त गोष्टींवर त्यांचं लक्ष राहतं. जे खेळत नव्हते त्यांना रोज 1 तास असं 10 दिवस खेळवलं, तर त्यांच्यातही फरक पडला. पुढे 2007 मध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन करणाऱ्या 33 सर्जनांचा अभ्यास झाला. आठवड्याला 3 तासांहून जास्त गेम खेळलेल्यांच्या सरावाच्या चाचणीत 37 टक्के कमी चुका झाल्या. आता मुळात ज्यांचे हात चांगले तेच गेमकडे वळले असतील, हेही शक्य आहे.

पण यातून डोकं तल्लख होतं असं कुठे निघतं? आपल्याकडे पाग, म्हणजे मासे पकडायचं जाळं, टाकणारा माणूस खाडीच्या काठावर उभा असतो. तुला-मला नुसतं पाणी दिसतं, त्याला त्यात माशाची सावली दिसते. वर्षानुवर्षं बघून बघून त्याची नजर तशी झालेली असते. म्हणून त्याला बीजगणित सोपं जातं असं कोणी म्हणत नाही. तसंच हे. दहावीच्या भूमितीसाठी भूमितीच सोडवावी लागेल, हे त्याला खुशाल माझ्या नावावर सांग.

आता ते चौघांचं. इथे मी तुझ्या लेकाच्या बाजूने आहे.

तुमच्या वाडीत घरं किती आणि चूल किती घरांत पेटते? माझ्या माहेरच्या वाडीत बावीस घरं, उघडी सहा. बाकीच्यांना गणपतीपर्यंत कुलपं. चेंडू माडात गेला तर आणायला दुसरा पोरगा नाही, अशा ठिकाणी पंधरा वर्षांच्या मुलाने कोणाशी बोलायचं? एकुलता मित्र पनवेलला गेला. तुझ्या लेकाने काय केलं, तर पांगलेली वाडी रात्री माळ्यावर गोळा केली. याला मी वाया जाणं म्हणणार नाही.

मध्ये एकदा शेजारच्या मुलाच्या बाजूला बसून मी अख्खा गेम बघितला. "मी नॉक झालो, रिव्हाइव्ह दे!" "थांब, स्मोक टाकतो." "झोन येतोय, गाडी कुठाय?" एकाने स्वतःची औषधाची पेटी दुसऱ्यासाठी टाकून दिली. मध्येच एकाची रेंज गेली, तर बाकीचे आरडाओरडा करत त्याच्या बाहुल्याभोवती राखण करत उभे राहिले. आणि या सगळ्यात एक जण हळूच म्हणाला, "पप्पांची नोकरी गेली रे." दोन सेकंद कोणी गोळी झाडली नाही. आपण माळ्याखालून ऐकतो तो नुसता गोंगाट.

हट्टाने मग मीही खेळले. दोन मिनिटांत मेले. "आजी, तू उभी का राहिलीस?" म्हणे. अरे, घर कसं बांधलंय ते बघत होते!

तरी पालखीचं मला खटकलंच. बीजीएमआयमधल्या मित्राचा कंटाळा आला तर आवाज बंद करता येतो. पालखीला पुढचा खांदा ज्या काकाचा, त्याच्याशी बांधावरून भांडण असलं तरी पावलं त्याच्याबरोबरच टाकावी लागतात. हे माळ्यावर शिकता येत नाही. मात्र तो का उतरला नाही, हे त्याला विचारलंस का? नुसतं ओरडू नकोस, विचार. हा गेम मध्येच थांबवता येत नाही, एक डाव अर्ध्या तासाचा असतो, आणि हा उठला तर बाकी तिघं अडचणीत येतात. पुढच्या वेळी "खाली ये" म्हणण्याआधी "डाव किती राहिला?" असं विचारून बघ. की खाली आपल्या वयाचं कोणीच नसतं म्हणून त्याला अवघडल्यासारखं होतं? दोन्हींवर उपाय वेगळे आहेत.

रात्री एकचं मात्र चालणार नाही. माझा अंदाज, त्या भावांपैकी कोणी कामावरून दहा-साडेदहाला घरी येत असेल आणि गेम त्याच्या वेळेने सुरू होत असेल. तसं असेल तर लेकाशी वाद घालण्याआधी त्या पुतण्याला फोन कर. काकू म्हणून हक्काने सांग, साडेदहानंतर याला बोलवायचं नाही, रविवारी दुपारी हवं तेवढं खेळा. तुझं दहा वेळा ऐकणार नाही, दादाचं एकदा ऐकेल. आणि गेममध्ये जन्मसाल कोणतं घातलंय तेही बघ. 18 वर्षांखालच्यांना त्यात दिवसाला 3 तासांची मर्यादा आहे, म्हणून पोरं सर्रास वय वाढवून टाकतात. तुझं यूपीआय त्या मोबाइलवर असेल तर आजच काढ. कपडे, बंदुकीचे रंग विकत घ्यायला तिथे पैसे लागतात.

मिस्टरांना सांग, मोबाइल काढून घेतला तर मित्रही काढून घेतल्यासारखं होईल. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2022 मध्ये सुमारे 39,000 खेळणाऱ्यांचं खेळणं प्रत्यक्ष नोंदींवरून तपासलं. किती तास खेळले याचा मनःस्वास्थ्यावर जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. मनापासून खेळतो की खेळल्यावाचून राहवत नाही म्हणून खेळतो, याचा संबंध जास्त होता. जागतिक आरोग्य संघटना ज्याला गेमचा आजार म्हणते, तोही तासांवर ठरत नाही. खेळणं हाताबाहेर जातं, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही सुटत नाही, आणि हे साधारण 12 महिने चालतं. तुझा मुलगा नववीची परीक्षा देऊन मोकळा झालाय, जेवायला खाली येतो, तुझ्याशी तावातावाने वाद घालतो. मला तरी तो आजारी वाटत नाही. पण शाळा बुडवायला लागला, किंवा त्या तिघांशीही बोलायचा थांबला आणि एकटाच खेळत बसला, तर वाट बघू नकोस. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, 14416. मराठीत बोलता येतं.

मे महिन्यात नालासोपाऱ्याची मंडळी येतीलच. पनवेलच्या त्या मुलालाही आठ दिवस बोलावून घे, त्याच्या आईला मीच सांगितलंय म्हण. पहिला दिवस चौघं ओटीवर चार मोबाइल घेऊन बसतील, बसू देत, सासूबाईंनाही तेवढं सांगून ठेव. दुसऱ्या दिवशी करवंदांना पाठव. परत आल्यावर कोणाचे हात किती काळे झालेत ते बघ आणि मला कळव.

– मावशी