विमान : अंतरिक्षाचा मापाडी

लातूरहून एका वाचकाने विचारले आहे : हवेत दोन विमानांची टक्कर टाळणाऱ्या 'टीकॅस' यंत्रणेला मराठीत 'टक्करविरोधी' म्हणावे की 'टक्कररोधक'? आणि ती वैमानिकाला 'सल्ला' देते, हे म्हणणे बरोबर का?

'टक्कररोधक'च. विरोध माणसे करतात, यंत्र रोधते. 'सल्ला' मात्र वाचला की माझे डोके फिरते. सल्ला घ्यावा की सोडावा, याची मुभा ऐकणाऱ्याला असते. कॉकपिटमध्ये 'चढा' असा आवाज आला की वैमानिकाला काही सेकंदांत चढावेच लागते, मग जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रक त्याच क्षणी 'उतरा' म्हणत असला तरीही. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतल्या युबरलिंगेनच्या आकाशात एका विमानाच्या वैमानिकांनी यंत्राऐवजी नियंत्रकाचे ऐकले आणि ७१ जीव गेले. अशा गोष्टीला मराठीत आज्ञा म्हणतात, हुकूम म्हणतात. इंग्रजीत काहीही असो.

पण विचारणाऱ्याने खरा रसाळ शब्द सोडूनच दिला. विमान! भाषणांत दर वेळी ऐकतो : 'वि म्हणजे पक्षी, मान म्हणजे सारखेपणा, म्हणून पक्ष्यासारखे ते विमान.' संस्कृतात वि म्हणजे पक्षी हे खरे आहे, बाकीची जुळवाजुळव आहे. ती जिथून पसरली त्या 'वैमानिक शास्त्रा'ला प्राचीन म्हणवून घेतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले की तो ग्रंथ १९०४ च्या मागे जात नाही आणि त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत. जुन्या टीकाकारांचे 'ज्याला उपमा नाही ते विमान' हेही मला पटत नाही. ते कौतुक झाले, व्युत्पत्ती नव्हे.

ऋग्वेद उघडा. हिरण्यगर्भसूक्तात (१०.१२१) ओळ आहे : 'यो अन्तरिक्षे रजसो विमानः'. अंतरिक्षात जो अवकाश मोजून काढतो, तो. इथे पक्षी कुठे बसवणार? 'रजसः' म्हणजे अवकाशाचा, आणि विमान म्हणजे मोजणारा. शंका उरली असेल तर विष्णुसूक्त (१.१५४) पाहा : 'यः पार्थिवानि विममे रजांसि'. ज्याने पृथ्वीवरचे अवकाश मोजून काढले, तो. तेच रजस्, तोच वि आणि तोच मा धातू, फक्त इथे क्रियापद आहे. मा म्हणजे मोजणे. प्रमाण, परिमाण, अनुमान, मात्रा, माप ही सगळी त्याचीच लेकरे. आपल्या मोंढ्यात कापूस-सोयाबीन तोलून देणारा मापाडीही त्याच घरचा. अंतरिक्षाचा मापाडी तो विमान!

पुढे 'मोजणारा'चा 'मोजून रचलेले' झाला. वेरूळच्या कैलासाच्या शिखरभागाला शिल्पशास्त्र विमानच म्हणते, कारण ते प्रमाणात घडवलेले आहे. मग राजवाडा, मग देवांचा उडता प्रासाद, मग पुष्पक. अमरकोशात पोचेपर्यंत 'व्योमयानं विमानोऽस्त्री' झाले, म्हणजे आकाशातले वाहन. आणि गंमत पाहा, ग्रीक मेट्रॉन याच मूळ धातूचे मानतात. त्यातून मीटर आला. म्हणजे विमानातला उंची सांगणारा अल्टिमीटर आणि खुद्द विमान हे एकमेकांचे भाऊबंद ठरतात.

माझे ठाम मत आहे की हा अर्थ आजच्या विमानाला पुष्पकापेक्षा जास्त शोभतो, कारण प्रवासी वाचतात ते मोजण्याने. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमाने धडकली, ३४९ माणसे गेली. एकाला १४,००० फुटांची परवानगी होती, दुसऱ्याला १५,००० ची. कझाक विमान ठरल्यापेक्षा खाली आले. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारला अंतर कळे, दिशा कळे, उंची कळत नसे. म्हणजे तीन मापांतले एक नव्हतेच. त्यानंतर टीकॅस सक्तीचे झाले. ते दुसऱ्या विमानातल्या ट्रान्सपाँडरला, म्हणजे रेडिओवरून आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राला, विचारते, उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते, उत्तरातच उंची मिळते. मग दोन्ही यंत्रे आपसांत ठरवून एका विमानाला चढायला आणि दुसऱ्याला उतरायला लावतात.

मराठवाड्याला हे परके नाही. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून उडालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीच्या टोकाशी रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला घासले, पुढे विजेच्या तारांत अडकून कोसळले. ११८ पैकी ५५ जण दगावले. विमानाचे नाक उशिरा उचलले गेले हे एक कारण, रस्त्यावरची वाहने अडवली नव्हती हे दुसरे. दुसरे कारण विमानातल्या कोणत्याच यंत्राच्या मापात नव्हते.

आता 'गगन' ही उपग्रहांच्या आधाराने विमानाला जागा सांगणारी यंत्रणा आहे, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभारलेली. उपग्रहांनी सांगितलेल्या जागेतली चूक जमिनीवरची केंद्रे मोजतात आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहावरून विमानाला पोचवतात. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोचे एटीआर विमान याच आधाराने उतरले. असे काही लिहिताना 'उपग्रहाने विमान उतरवले' हे वाक्य कृपया नको. उपग्रह माप पुरवतो, विमान वैमानिक उतरवतो.