आधी व्हर्जन नंबर बघ

अगं,

तुझा रात्री पावणेदोनचा मेसेज सकाळी वाचला, "दादा मला हे जमणारच नाही बहुतेक" असा, आणि खरंच वाईट वाटलं. जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा) शिकताना आलेल्या एररचा तुझा स्क्रीनशॉट बघितला. तुझं काही चुकलेलं नाहीये गं. तू पिपने (पायथनची पॅकेजेस टाकायचं टूल) जँगो टाकलंस म्हणजे नवीन व्हर्जन आलं, आणि ज्या ट्युटोरियलवरून टाइप करतेयस ते जुनं आहे, त्यात 'युआरएल' हे फंक्शन (कुठल्या पत्त्यावर काय दाखवायचं ते जोडणारं) इम्पोर्ट करायला सांगितलंय. डिसेंबर २०१७ ला जँगो २.० आलं तेव्हा त्याच कामासाठी 'पाथ' आलं, आणि डिसेंबर २०२१ ला ४.० मध्ये ते जुनं फंक्शन काढूनच टाकलं, मग एरर येणार नाही तर काय होणार! पुढे फॉरेन की (एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी जोडणारी) लावशील तेव्हा 'ऑन डिलीट' (जोडलेली नोंद पुसली तर काय करायचं ते) दिलं नाही म्हणून परत ओरडेल, ते पण २.० पासूनच कंपल्सरी झालंय, घाबरू नकोस.

मी नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसचं स्वतःचं फ्रेमवर्क होतं, डॉक्युमेंटेशन म्हणजे एक वर्ड फाइल, आणि दुसऱ्याच पानावर "आता नेहमीप्रमाणे सेटिंग करून घ्या". अरे कुणाच्या नेहमीप्रमाणे? त्या एका वाक्यात माझे तीन दिवस गेले, कारण विचारायची लाज वाटायची. लिहिणाऱ्याच्या हाताला ते इतकं बसलेलं असतं की मधली पायरी गाळली हे त्याला कळतच नाही, भुर्दंड मात्र नवख्याला. मला अजून राग येतो त्याचा.

जँगोचं त्या मानाने बरं आहे. त्यांचं स्वतःचं पोल्स ॲपवालं (मतं घ्यायचं छोटं ॲप बनवायचं) ट्युटोरियल आहे ना, तेच कर, शेवटपर्यंत. फक्त पानावर कुठलं व्हर्जन निवडलेलं आहे ते तुझ्याकडच्याशी जुळतंय का आधी बघ. रेफरन्सची पानं आत्ता वाचत बसू नकोस, ती शब्दकोशासारखी असतात, शब्दकोश वाचून कोणी बोलायला शिकत नाही.

आणि एक वही कर. "कमांड कुठल्या फोल्डरमधून द्यायची ते लिहिलेलं नाही" असं जिथे अडशील तिथेच लिही, कारण सहा महिन्यांनी तुलाही ते खटकणार नाही. त्यांचं डॉक्युमेंटेशन कोडच्याच रिपॉझिटरीत (जिथे सगळा कोड ठेवतात तिथेच) असतं, दुरुस्ती कोणीही पाठवू शकतं, तू पण.

आज जुनं फोल्डर उडवू नकोस, राहू दे. नवीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टपुरती पॅकेजेसची वेगळी जागा) कर, जँगोचा व्हर्जन नंबर काय येतो तो मला पाठव. साडेनऊनंतर मी मोकळा आहे, कॉल कर.