मोहाच्या झाडाखाली, पहाटे पाचला

(सेवानिवृत्त वनपालांना वाचकांनी विचारलेले प्रश्न)

प्रश्न : मार्चअखेरीस आम्ही ताडोब्याला गेलो होतो. पहाटे मोहर्ली गेटकडे जाताना बायका टोपल्या घेऊन जंगलात शिरताना दिसल्या. त्याच भागात थोड्या दिवसांपूर्वी वाघाने माणूस मारला होता, असं गाईड म्हणाला. जिवावर उदार होऊन ही माणसं आत जातात कशाला? पैसे देऊन ही गावं एकदाची बाहेर का काढत नाहीत? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, त्या बायका मोहफुलं वेचायला निघाल्या होत्या. मोहाचं फूल रात्रीतून गळतं आणि उजाडेपर्यंत झाडाखाली फिकट पिवळा सडा पडतो. ते रसाळ, गोड असतं, त्यामुळे चितळं येतात, अस्वल येतं. चितळामागे वाघ येतो. आणि त्याच झाडाखाली, त्याच वेळी, बाई खाली वाकून बसलेली असते. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. सूर्य वर आल्यावर जा म्हणावं, तर तोवर निम्मी फुलं चितळांच्या आणि गावच्या गुरांच्या पोटात गेलेली असतात.

आता गावं काढण्याचं. तुम्ही पाहिलात तो बफर, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीचा, गावं असलेला पट्टा. ताडोबा-अंधारीचा कोअर, म्हणजे गाभा, 625 चौरस किलोमीटरचा, त्याभोवती बफर सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचा, आणि त्यात सत्तर-ऐंशी गावं. पुनर्वसनाचं पॅकेज फक्त कोअरमधल्या गावांना आहे. ते कुटुंबामागे 10 लाख होतं, 2021 मध्ये 15 लाख झालं. तेही गावाची संमती असेल तरच. बोटेझरी, जामणी, नवेगाव अशी गावं उठली, त्यांच्या शेतांवर आज गवत आहे आणि गवतावर चितळं. ते काम चांगलं झालं, हे मी मान्य करतो. पण तोच हिशेब बफरला लावायचा तर तालुकेच्या तालुके उठवावे लागतील. शिवाय वाघ काही प्रकल्पाची हद्द वाचून चालत नाही. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ते जंगल प्रकल्पाच्या बाहेरचं.

एक जुनी गोष्ट सांगतो. नोकरीला लागून वर्षच झालं होतं, खाकीची मस्ती होती. एका म्हातारीने पाला जाळून झाडाखालची जागा मोकळी केली होती, म्हणून मी तिची टोपली उलटी केली. (मोहासाठी लावलेली ही आग उन्हाळ्यात कित्येकदा हाताबाहेर जाते. माझा राग खोटा नव्हता, रीत चुकली.) ती काही बोलली नाही. खाली बसून एकेक फूल परत टोपलीत टाकत राहिली, मी समोर उभा. शेवटी म्हणाली, “हे झाड माह्या सासूनं मले देल्लं, बापू. तुले कोनं देल्लं?” कागदावर ते झाड सरकारचं. गावात मात्र कोणतं झाड कोणत्या घराचं, हे पोरासोरांनाही पाठ असतं. त्या दिवसानंतर मी टोपली कधी उलटी केली नाही, पाला जाळताना मात्र अनेकांना धरलं.

मग करायचं काय? झाडाखाली जाळी बांधली की फूल वरच अडकतं, वाकणं वाचतं, पाला जाळावा लागत नाही. एका गावात आम्ही हे करून पाहिलं. पहिल्या आठवड्यात दोन जाळ्या चोरीला गेल्या, एक गुरांनी फाडली, पण उरलेल्या झाडांखालच्या बायका उभ्याने फुलं काढत होत्या. माझ्या मते आजवरच्या उपायांत सगळ्यात शहाणा उपाय हाच. बाकी एकट्याने न जाणं, मोठ्याने बोलत राहणं, वाघ फिरतोय असं गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाच्या पोरांनी सांगितलं की त्या बाजूला न फिरकणं. मृत्यू झाला तर राज्य शासन वारसांना 25 लाख देतं. त्या पैशांवरून घरात भांडणं लागलेलीही मी पाहिली आहेत.

आणि तुम्ही उतरला होतात कुठे, ताई? टोमणा नाही... बरं, थोडा आहेच. गेटाजवळची बरीच रिसॉर्टं जिथे उभी आहेत, तिथून पूर्वी गावची गुरं चरायला जात. कुंपण पडल्यावर गुराखी गुरं घेऊन आणखी आत जाऊ लागला. जंगलावरचा ताण मोजताना टोपली दिसते, स्विमिंग पूल दिसत नाही.

प्रश्न : रामराम साहेब. रानडुकरं हरभरा ठेवत नाहीत. शेजारी रात्री तारेत लाइनीचा करंट सोडतो, मलाही सोड म्हणतो. – एक शेतकरी, चिमूर तालुका

उत्तर : रामराम भाऊ. नका सोडू. त्या तारेला डुक्कर लागेल, वाघ लागेल, नाहीतर पहाटे पाणी द्यायला निघालेला तुमचाच पोरगा लागेल. वाघ मेला तर वन्यजीव कायद्याखाली तुरुंग, माणूस मेला तर काय होतं ते मी सांगायला नको. त्यापेक्षा सौर कुंपण लावा. त्याचा झटका जबर असतो, पण क्षणाचाच. जनावर उडून मागे पडतं, मरत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत त्याला अनुदान आहे, गावच्या समितीत अर्ज द्या. लोक कुंपण लावतात आणि विसरतात. तारेला गवत टेकलं की करंट गवतातून जमिनीत उतरतो, मग डुक्कर खुशाल आत. आठवड्याला खालची दोन फूट जागा साफ करा. नुकसान झालं की त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, पंचनामा होईपर्यंत रान तसंच राहू द्या. शेजाऱ्याशी आधी तुम्हीच बोला. नाही ऐकलं तर कळवा, नाव सांगू नका हवं तर.

प्रश्न : आमच्या तीन एकरांना नागपूरचा दलाल चांगला भाव देतोय. आम्ही गोंड आहोत. विकावी का? – एक वाचक, बफरमधील गाव

उत्तर : विकायची की नाही, ते घरात बसून ठरवा. पण आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, तीही शासनाच्या मान्यतेने. भाडेपट्ट्यालाही परवानगी लागते. “ते आम्ही बघून घेऊ” म्हणणारा दलाल बहुधा दुसऱ्याच कोणा आदिवासीच्या नावावर कागद करतो. परवानगी हातात येईपर्यंत इसार घेऊ नका, कोऱ्या कागदावर अंगठा तर मुळीच नको.