सारखाच डोस देऊनही मादी उंदीर नरापेक्षा जास्त वेळ का झोपते?

साताऱ्याच्या एका एम.फार्म. विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: वजनाप्रमाणे पेंटोबार्बिटल हे झोपेचं औषध दिलं, तरी माद्या नरांपेक्षा खूप उशिरा उठल्या, माझं मोजमाप चुकलं का?

ताई, मोजमाप बरोबर आहे. सांगलीत मी हेच प्रॅक्टिकल घेतो. पाठीवर ठेवलेला नर पाय झाडत उलटून बसतो, तेव्हा शेजारच्या मादीच्या मिशाही हललेल्या नसतात. रॅटमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरात, नराचं यकृत अशी औषधं लवकर मोडतं. नरात वाढीचं संप्रेरक काही तासांच्या अंतरानं उसळी मारत सुटतं, मादीत ते बरंचसं सलग राहतं. यकृतात औषधं मोडणारी कोणती सायटोक्रोम पी-४५० एन्झाइम्स किती बनायची, हे त्यावर ठरतं. त्यांतलं सीवायपी२सी११ तर प्रौढ नरातच भरपूर असतं. पण हे माउसला, म्हणजे लहान उंदराला, किंवा माणसाला जसंच्या तसं लावू नका. तिथे फरक कमी, कधी उलटाही दिसतो.

गाभण मादीचा हिशेब निराळा. गर्भकाळ जेमतेम २१-२२ दिवसांचा, त्यातही रक्तातला द्रवभाग वाढत जातो, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घटतं. म्हणून गर्भाचा दिवस नोंदवाच.

आणि भूल. इथे फार जण फसतात. हॅलोथेन या हुंगवून द्यायच्या भुलीच्या औषधाने यकृताकडे रक्त कमी जातं, जनावर गार पडतं, औषध रेंगाळतं. उलट पेंटोबार्बिटल आधी काही दिवस वारंवार दिलेलं असेल तर एन्झाइम्स वाढतात आणि झोप आखडते. तुमचे उंदीर आधी दुसऱ्या कुणाच्या प्रयोगात होते का, ते पिंजऱ्याच्या कार्डावर आजच बघा. आणि कृपा करून नर-माद्यांची एकत्र सरासरी काढू नका.