नागपुरात दोन लहान मुलं आणि सासऱ्यांना घेऊन एक दिवस: महाराजबाग की गोरेवाडा?

तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदाच नागपूरला येताय, हातात एकच रविवार आहे, सोबत ४ आणि ८ वर्षांची मुलं आहेत, सासऱ्यांचे गुडघे दुखतात, आणि प्राणी बघायला सगळे तुम्हाला गोरेवाड्याच्या जंगल सफारीलाच जा म्हणतायत. मी इथलीच आहे आणि नेमका असाच गोतावळा घेऊन फिरलेली आहे. माझं उत्तर महाराजबागेतलं प्राणिसंग्रहालय.

गोरेवाडा चांगलाच आहे. २६ जानेवारी २०२१ ला ती सफारी सुरू झाली, जागा प्रशस्त आहे, वाघ, बिबट, अस्वल मोकळ्या जंगलात फिरतात. पण ती बसमधून बघायची गोष्ट आहे. प्राणी दिसला तर दिसला, झाडीत बसला असेल तर बस पुढे जाते. आठ वर्षांच्या मुलाला ते थरारक वाटेल. चार वर्षांच्या लेकराला मात्र एकच प्राणी पुन्हा पुन्हा बघायचा असतो, त्याला हात करायचा असतो, "तो काऊन झोपला?" असं दहा वेळा विचारायचं असतं. त्यासाठी आपल्या पायांवर उभं राहता येईल अशी जागा पाहिजे.

महाराजबाग शहराच्या अगदी मध्यात आहे. मूळची भोसल्यांची बाग. तिथलं प्राणिसंग्रहालय १८९४ चं, आणि आज ते अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या इथल्या कृषी महाविद्यालयाकडे आहे. मेट्रोनं आलात तर सीताबर्डीला उतरा, तिथून ऑटोला काही मिनिटं लागतात. आत जुनी मोठी झाडं आहेत, सावली आहे, अंतरं लहान आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे फार महत्त्वाचं.

आता आमचा दिवस सांगते, म्हणजे मी एवढ्या आग्रहानं का सांगतेय ते कळेल.

डिसेंबर होता. सकाळी तर्री पोहे खाऊन, मुलांना स्वेटर-टोप्या घालून आम्ही दार उघडल्या उघडल्या आत गेलो. सकाळीच जा असं मी सगळ्यांना सांगते, कारण वाघ-बिबट दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढतात. ऊन चढलं की पिंजऱ्यात फक्त पाठ दिसते आणि मुलं हिरमुसतात. आम्ही गेलो तेव्हा वाघ उठलेला होता, येरझाऱ्या घालत होता. मोठी मुलगी पट्टे मोजायला लागली. तिला मी सांगितलं की आपल्या बोटांचे ठसे जसे वेगळे, तसे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. मग ती डाव्या बाजूचे आणि उजव्या बाजूचे पट्टे सारखे आहेत का ते बघत बसली. नसतात, आणि हे तिचं तिनंच शोधून काढलं.

खरा वेळ गेला तो हरणांपाशी. चितळांच्या दोन नरांपैकी एकाची शिंगं टणक, पांढरट टोकांची, आणि दुसऱ्याच्या शिंगांवर मखमलीसारखी लव. धाकटा विचारायला लागला की याला शिंगांना पण थंडी वाजते का, म्हणून स्वेटर घातलाय का. मी त्याला सांगितलं की चितळाची शिंगं दरवर्षी गळून पडतात आणि नवीन येतात. वाढताना त्यांच्यावर ते लवदार कातडं असतं, त्यातून शिंगांना रक्त मिळतं. वाढ पुरी झाली की ते वाळतं आणि नर झाडाला शिंगं घासून ते काढून टाकतो. काळवीट आणि नीलगाय यांची शिंगं मात्र जन्मभराची, ती गळत नाहीत. एवढं सांगितल्यावर पोरगा पुढच्या प्रत्येक शिंगवाल्या प्राण्याला "तुझी गळतात का रे?" विचारत हिंडला.

आणि मग नीलगाय. माझे सासरे काटोलकडचे शेतकरी. तिकडे नीलगायीला रोही म्हणतात, आणि रोही म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाला घोर. एका रात्रीत कळप तुरीत शिरला की उभं पीक गेलंच समजा. बाबांनी कित्येक वर्षं रात्री जागल केली, थंडीत धुऱ्यावर शेकोटी पेटवून बसले. त्या दिवशी ते जाळीपाशी जे उभे राहिले ते हलेचनात. आत निळसर करडा नर होता, गळ्याखाली केसांचा झुपका, पायांत पांढरी कडी घातल्यासारखे पट्टे. बाबा म्हणाले, "याच्यापायी आयुष्यभर जागलीले गेलो, पण अंधारात पळतानाच पाह्यला. याचे डोळे कसे हायेत ते आजच पाहून रायलो." मग त्यांनी नातवंडांना बसवून शेतातल्या रात्रींच्या गोष्टी सांगितल्या. मुलांना आजोबा शेतकरी आहेत हे माहीत होतं, पण रात्रीचं शेत त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तुमचे सासरे शेतीतले असतील तर रोह्यापाशी त्यांना घाई करू नका.

एका गोष्टीनं मात्र मी फार अस्वस्थ झाले. शेजारच्या एका कुटुंबानं जाळीतून चिप्स टाकले, आणि रिकामं पाकीटही तिथंच पडलं. हरणानं प्लास्टिक खाल्लं तर ते पोटात साठून राहतं, जनावर त्यानं मरू शकतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना खायला घालणं किंवा चिडवणं हा गुन्हाही आहे. मुलांना हे आत शिरण्याआधीच सांगा. माझ्या लेकीनं त्या काकूंना "मावशी, ते आजारी पडेल ना" म्हटलं, आणि त्यांनी काडीनं ओढून पाकीट उचललं.

प्राणी बघून झाले की मुलांना झोके-घसरगुंडीवर सोडा आणि मोठ्यांनी सावलीत सतरंजी टाका. डबा घरूनच न्यावा, आम्ही तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि दशम्या नेल्या होत्या. पाण्याच्या बाटल्या भरपूर घ्या. मुलं दमली नसतील तर गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र आहे, ते आठ वर्षांच्या मुलाला नक्की आवडेल. पण तोवर धाकटा बहुधा खांद्यावर झोपलेला असेल, मग सरळ घरी जा.

एप्रिल-मे मध्ये येणार असाल तर हा बेत सोडूनच द्या. पारा ४५ च्या आसपास जातो, आपले हाल होतात आणि प्राणी आडोशाला पडून असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सोमवारी बंद असतं, तुमचा रविवार आहे म्हणजे प्रश्न नाही, फक्त दुपारनंतर गर्दी भल्ली वाढते, म्हणून नऊच्या आसपास पोचाच.