वाचकांचे प्रश्न : स्थानिक अभ्यासक्रमात मुले किती गुंतली, हे कसे ओळखावे?

प्रश्न : बडोद्यातील महानगरपालिकेच्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य आहे. तिसरी ते पाचवीच्या वर्गांसाठी आमच्या शिक्षकांनी पाठ्यपुस्तकाला जोडून विश्वामित्री नदी, सयाजीबाग आणि शहराला पाणी पुरवणाऱ्या आजवा जलाशयाचे पाणी या विषयांवर स्वतःचा स्थानिक अभ्यासक्रम तयार केला असून तो दोन वर्षे चालू आहे. हजेरी वाढली, प्रदर्शनाचे कौतुक झाले, तेव्हा तो यशस्वी झाला असे काही सदस्य म्हणतात. मुले त्यात खरोखर गुंततात का, हे मला पाहायचे आहे. त्याचे मूल्यमापन कसे करावे?
— एक पालक, बडोदे

उत्तर : आपली शंका रास्त आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत आणणे हाच मोठा प्रश्न होता आणि हजेरीपट हे त्याचे योग्य माप होते. आपला प्रश्न त्यापुढचा आहे. वर्गात आलेले मूल विषयात शिरले की नाही, हे हजेरीपटावरून कळत नाही. प्रदर्शनातील तक्त्यांवरूनही ते फारसे कळत नाही, कारण त्यांत मोठ्यांचा हात बराच असतो.

मुलांकडे प्रत्यक्ष पाहणे हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. बेल्जियममधील शिक्षणतज्ज्ञ फेरे लेव्हर्स यांनी त्यासाठी पाच पातळ्यांची मोजपट्टी तयार केली आहे. पहिल्या पातळीवर मूल काहीच करत नसते किंवा नुसते यांत्रिकपणे हात हलवत असते, तिसऱ्यावर काम चालू असते पण त्यात जीव नसतो, आणि पाचव्यावर ते इतके एकाग्र असते की आजूबाजूच्या गडबडीने त्याचे लक्ष हटत नाही. निरीक्षकाने एका मुलाकडे दोनेक मिनिटे पाहावे, चिकाटी, नेमकेपणा, चेहऱ्यावरचा भाव आणि बोलणे लक्षात घेऊन पातळी नोंदवावी आणि मग पुढच्या मुलाकडे वळावे. चुणचुणीत मुलांकडेच नजर जाऊ नये म्हणून हजेरीपटावरील दर चौथे नाव घ्यावे. दोघांनी स्वतंत्रपणे नोंद करून नंतर ताडून पाहिल्यास एकट्याच्या मताचा प्रभाव कमी होतो. मात्र त्याच मुलांना भाषेच्या किंवा गणिताच्या नेहमीच्या तासालाही याच पद्धतीने पाहिले पाहिजे. तुलनाच नसेल, तर दिसलेली तन्मयता स्थानिक अभ्यासक्रमामुळे आली की आवडत्या बाईंमुळे, हे ठरवता येणार नाही.

दुसरे साधन म्हणजे मुलांचे प्रश्न. घटकाच्या पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात मुलांनी विचारलेले प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, एका वहीत उतरवून ठेवण्यास शिक्षकांना सांगावे. विश्वामित्रीतल्या मगरींविषयी ‘मगर चावते का?’ असे विचारणारे मूल काही दिवसांनी ‘पाणी वाढले की मगर वस्तीत का येते?’ असे विचारू लागले, तर अभ्यासक्रमाने त्याच्या मनात काहीतरी हलवले आहे. प्रश्न गुजरातीत आला तर तो गुजरातीतच लिहावा. घरी मराठी आणि गल्लीत गुजराती बोलणाऱ्या आपल्या मुलांचे कुतूहल ज्या भाषेत आधी उमटते, ती भाषा नोंदीतून गाळली तर निष्कर्षच चुकेल.

येथे एक गोष्ट मला विशेष आग्रहाने सांगायची आहे. विषय स्थानिक आहे म्हणून तो प्रत्येक मुलाला सारखाच जवळचा असतो, असे गृहीत धरू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराचे पाणी शहरातील कित्येक घरांत शिरले आणि मगरी वस्तीत आल्या. ज्या मुलाच्या घरातले सामान त्या पाण्यात भिजले, ते नदीच्या पाठाला गप्प बसले, तर त्या गप्प बसण्याला अनास्था म्हणून सर्वांत खालची पातळी देणे हा त्या मुलावर अन्याय ठरेल. अशा मुलाशी शिक्षकांनी वेगळे, शांतपणे बोलावे, आणि त्याला हवे असेल तेव्हाच त्याचा अनुभव वर्गापुढे यावा. याउलट सयाजीबागेतील झाडांची नोंद किंवा आजव्याचे पाणी नळापर्यंत कसे पोहोचते याचा नकाशा, अशा कामांत सगळ्यांना शिरकाव मिळतो. कोणत्या घटकात कोणती मुले मागे राहतात, हे घटकवार पाहिल्यावाचून अभ्यासक्रमात नेमके काय बदलायचे ते कळणार नाही.

गुंतणे म्हणजे शिकणे नव्हे, याचीही जाणीव ठेवावी. मुले बागेत रमली, पण झाडाच्या बुंध्याचा घेर दोरीने मोजून त्यांना तो सेंटिमीटरमध्ये लिहिता येतो का, पाहिलेले चार वाक्यांत मांडता येते का, हेही तपासावे. त्यासाठी वेगळी परीक्षा नको, रोजच्या वह्या पुरेशा आहेत.

शिक्षण हक्क कायद्यानुसार आपल्यासारख्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे अहवाल त्यांना समजेल अशा साध्या भाषेत लिहावा आणि त्यात कोणत्याही मुलाचे नाव घालू नये. शिक्षकांना तो इतरांच्या आधी वाचायला द्यावा. ही पाहणी त्यांची परीक्षा घेण्यासाठी नाही, हे आरंभीच सांगितले, तर निरीक्षक आल्यावर ठेवणीतला पाठ घेण्याची गरज त्यांना वाटणार नाही. पहिले निरीक्षण जुलैत, वर्ग स्थिरावल्यावर करावे आणि दुसरे दिवाळीच्या सुट्टीनंतर, त्याच मुलांचे, शक्यतो त्याच निरीक्षकांकडून करून घ्यावे.